विमान उडण्याआधी सड्याची नोंद बदला

परुळे-चिपीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, अडीच किलोमीटर लांबीची धावपट्टी आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तिथून मुंबईचे पहिले विमान सुटले आणि सिंधुदुर्गची कित्येक वर्षांची मागणी पुरी झाली. जानेवारी २०२३ मध्ये शेजारच्या गोव्यातल्या मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, तसा सावंतवाडी-कुडाळचा प्रवासीही तिकडे वळू लागला. उडान योजनेतली तीन वर्षांची मुदत संपली आणि २०२४ मध्ये चिपी-मुंबई सेवा थांबली. एवढ्या खर्चाची धावपट्टी तुरळक फेऱ्यांवर किती दिवस तगवायची, हा प्रश्न तेव्हापासून उघड्यावर आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागालाही तो परका नाही. आंबोली घाट उतरला की आपण त्याच जिल्ह्यात असतो, आणि संकेश्वर-बांदा रस्ता रुंद झाल्यापासून घाटमाथ्याचा आणि किनाऱ्याचा व्यवहार आणखी जवळ आला आहे. चिपीहून सहा-आठ आसनांचे छोटे विमान उडवावे, रेडीपासून विजयदुर्गापर्यंतचा किनारा वरून दाखवून तासाभरात परत आणावे, ही कल्पना म्हणूनच सहज सुचणारी आहे. जगात ती अनेक ठिकाणी चालते, वाळवंटी किनाऱ्यांवरही. आपल्याकडेही ती चालावी, असे माझे मत आहे. पण तिच्याआधी एक काम झाले पाहिजे. विमान ज्या सड्यांवरून उडेल त्यांची सरकारी दप्तरातली ‘पोटखराबा’ ही नोंद बदलून तिथे संरक्षण आले पाहिजे. हा क्रम उलटला तर फेरी नको, इतके ते काम महत्त्वाचे आहे.

वाळवंटी किनाऱ्यांचा अनुभव आधी पाहू, कारण तिथून शिकण्यासारखे आहे. नामिबियात स्वाकोपमुंड या गावाहून छोटी सेसना विमाने दक्षिणेला उडतात. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला थेट पाण्यापर्यंत आलेल्या वाळूच्या टेकड्या, आणि मध्ये १९०९ मध्ये रुतलेले ‘एदुआर्द बोहलेन’ हे जहाज. समुद्र मागे सरकल्यामुळे ते आज किनाऱ्यापासून काहीशे मीटर आत वाळूत पडलेले दिसते. या भागात रस्ता नाही आणि तो करूही नये, कारण समुद्राच्या धुक्यावर जगणारी तिथली जीवसृष्टी चाकाच्या एका फेरीनेही मोडते. विमान जमिनीला न शिवता माणसाला तिथवर नेते. याच वाळवंटाला युनेस्कोने २०१३ मध्ये जागतिक वारसा ठरवले. दुसरे उदाहरण पेरूच्या नाझ्का पठाराचे. किनारपट्टीतल्या त्या कोरड्या माळावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी वरचे काळपट-तांबूस खडे बाजूला सारून खालची फिकट माती उघडी केली आणि तिच्यातून पक्षी, माकड, कोळी अशा प्रचंड आकृत्या काढल्या. त्यांतला हमिंगबर्ड पक्षी नव्वद मीटरहून लांब आहे. जमिनीवरून त्याचा आकार ध्यानात येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विमानांचे येणे-जाणे सुरू झाल्यावर या रेषांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. तोपर्यंत पॅन-अमेरिकन महामार्ग त्यांच्यामधून आखला जात होता, आणि एक आकृती त्याने कापलीही.

नाझ्काच्या इतिहासात मला सर्वांत बोलकी वाटते ती मारिया राइखे यांची कामगिरी. जर्मनीत जन्मलेल्या या गणितज्ञ बाईंनी १९४० च्या दशकापासून पुढची पन्नासेक वर्षे त्या माळावर घालवली. झाडू घेऊन रेषा साफ केल्या, मोजल्या, हवाई छायाचित्रे मिळवली. पन्नाशीच्या दशकात त्या माळाला पाणी देऊन शेती करण्याची योजना निघाली तेव्हा त्या विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचा विरोध टिकला, कारण वरून काढलेली छायाचित्रे दाखवून त्या सांगू शकत होत्या की ज्याला तुम्ही ओसाड माळ म्हणता तिथे हे आहे. आधी माणसांनी वरून पाहिले, मग माळाची किंमत बदलली, मग १९९४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा आला. पर्यटक विमानांचा धंदा वाढला तो याच्या जोडीने. आपल्याला तिथून घ्यायचे असेल तर हा क्रम घेतला पाहिजे. नुसता विमानाचा धंदा उचलून आणणे सोपे आहे, आणि त्यातच धोका आहे.

आपल्याकडे नाझ्काचे नाव निघताच कातळशिल्पांची आठवण होते, आणि ते साहजिक आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायी फिरून शेकडो आकृत्या उजेडात आणल्या. कशेळीचा सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले इतर प्राणी, बारसूची दोन वाघांमधली मनुष्याकृती, उक्षीचा हत्ती, शिवाय मालवण तालुक्यातल्या कुडोपीचा समूह आणि गोव्यात कुशावतीकाठची शिल्पे. ‘कोकणातील कातळशिल्पे’ या नावाने त्यांतल्या नऊ ठिकाणांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. विमानाच्या फेरीची जाहिरात करणारा उद्या म्हणेल, भारताचे नाझ्का आकाशातून पाहा. या आमिषाला आताच नकार दिला पाहिजे, कारण हिशेब जुळत नाही. वस्तीवरून उडताना विमानाने किमान तीनशे मीटर उंची राखावी असा नियम आहे. निरोगी डोळ्याला तेवढ्या उंचीवरून साधारण नऊ सेंटिमीटरहून बारीक तपशील वेगळा ओळखू येत नाही. नाझ्काची रेषा फूटभर किंवा त्याहून रुंद, आणि काळपट खड्यांवर फिकट. आपली रेषा बहुतेक ठिकाणी काही सेंटिमीटर रुंद, आणि कातळाच्याच रंगाची. कशेळीचा हत्ती विमानातून शोधणारा प्रवासी निराश होईल, मग वैमानिकाला खाली उतरण्याचा आग्रह होईल, आणि अपघाताची वाट तिथूनच सुरू होते. कातळशिल्पांसाठी ड्रोनने केलेले नीट दस्तऐवजीकरण, शिल्पाला धक्का न लावता शेजारी उभारलेले साधे मचाण आणि माहिती देणारा गावातला माणूस एवढे पुरेसे आहे. नाझ्कातही राइखे यांनी १९७६ मध्ये रस्त्याकडेला असाच एक मनोरा उभारून घेतला होता.

मग विमानातून पाहायचे काय? सडा पाहायचा, सबंध. जमिनीवर उभे राहिलेल्या माणसाला सड्याचा एक तुकडाच दिसतो. उन्हाळ्यात तापलेला, काळा-तांबडा, गवत जळून गेलेला, वाळवंटासारखा. वरून पाहिले तर कळते की हा तुकडा एकटा नाही. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत अशा सपाट माथ्यांची रांग आहे, त्यांच्या कडा समुद्रात उभ्या उतरतात, मधल्या चिरांतून खाड्या आत शिरतात, आणि प्रत्येक सड्याच्या पायथ्याशी हिरवी कड असते. ती हिरवी कड महत्त्वाची. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या मातीच्या थराशी अडून उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पायथ्याच्या वाडीची विहीर, माड-पोफळीची बाग, शेताचा कोपरा या पाण्यावर उभा असतो. ज्याला पडीक म्हणतात तो सडा म्हणजे खालच्या गावाचे पाणी साठवणारा माथा आहे, हे शंभर पानांच्या अहवालापेक्षा एका नजरेत पटते. त्याच फेरीत तारकर्ली-देवबागची वाळूची चिंचोळी जीभ दिसेल. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मध्ये घरे. तिथली धूप हा दरवर्षीचा प्रश्न का आहे, हे मग समजावून सांगावे लागणार नाही. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला सिंधुदुर्ग ४८ एकरांच्या कुरटे बेटाचा आकार जसाच्या तसा घेऊन तटबंदीत कसा बसवला आहे, ते किल्ल्यात फिरूनही नीट कळत नाही, आकाशातून कळते. आणि रेडीच्या लोहखनिजाचा लाल खड्डा दिसेल, चिरेखाणींनी चौकोनी कापलेले सडे दिसतील. माझ्या मते या फेरीचे मोल इथेच आहे. ती सुंदर तेवढेच दाखवून थांबू शकत नाही, कारण खिडकीतून सगळेच दिसते.

आता नोंदीचा प्रश्न. सात-बाऱ्यावर लागवडीला नालायक जमीन पोटखराब्यात जाते, आणि सड्याचा बराच भाग तिथेच गेलेला आहे. ही नोंद महसूल आकारणीच्या सोयीसाठी होती. पण प्रकल्पासाठी जागा शोधणारा अधिकारी हीच नोंद पाहतो आणि जागा मोकळी आहे असे समजतो. माडबनच्या सड्यावर जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली, तेव्हा त्यातला मोठा भाग नापीक असल्याचे सांगण्यात आले. आंबा, गुरचरण, झरे या गोष्टी गावकऱ्यांना आंदोलन करून सांगाव्या लागल्या. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हाही गावकरी उन्हात कातळावर बसले होते, आणि त्याच सड्यावर संभाव्य यादीतली शिल्पे आहेत. संभाव्य यादीत नाव येणे म्हणजे कायद्याचे संरक्षण मिळणे नाही, हे इथे लक्षात घ्यावे. चिपीचा विमानतळ हाही एका सड्यावरच उभा आहे. घाटमाथ्यावरची गोष्ट निराळी नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांतले सडे बॉक्साइटसाठी खणले गेले आणि बेळगावच्या कारखान्याने त्याचे अ‍ॅल्युमिना केले. उद्योग नकोत असे मी म्हणत नाही. पण जागेची किंमत न मोजता ती फुकटची धरणे, याला निर्णय म्हणता येत नाही.

सड्याला किंमत आहे, हे ठरवायला पुरावा कमी नाही. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेले ते जांभ्यावरच्या पावसाळी वनस्पतींमुळे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपणाऱ्या वनस्पती, कीटक खाणाऱ्या दवबिंदू आणि सीतेची आसवे, तेरड्याच्या जाती, उथळ डबक्यांतली बेडकांची पिल्ले. कोकणातल्या सखल सड्यांवरही अशीच सृष्टी असते. मात्र ती पावसाळ्यात दिसते, आणि सर्वेक्षण करणारे बहुधा उन्हाळ्यात जातात. आपल्या घराजवळचे उदाहरण हिरण्यकेशीचे. गडहिंग्लजला पाणी देणारी ही नदी आंबोलीत उगम पावते. त्या उगमाच्या कुंडातून २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदली गेली, आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. जिथे शतकानुशतके भाविक जात होते तिथे कोणी नीट पाहिले आणि दर्जा बदलला. हेच सड्यांच्या बाबतीत एकेका कुंडापुरते न राहता सबंध माथ्यांसाठी व्हायला हवे.

पहिला आक्षेप असा येईल की ही श्रीमंतांची चैन आहे. तासाभराच्या उड्डाणाचे तिकीट सामान्य कुटुंबाला परवडणार नाही, हे खरेच आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण स्वस्त पर्यटनाची किंमतही कोणीतरी मोजतोच. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आंबोलीच्या धबधब्याजवळ गाड्यांची जी रांग लागते, जो प्लास्टिकचा आणि बाटल्यांचा कचरा दरीत जातो, त्याचा भार आंबोली-चौकुळच्या लोकांवर पडतो. थोड्या माणसांनी जास्त पैसे देऊन जमिनीला न शिवता पाहावे आणि त्यातला ठरलेला वाटा सडे राखणाऱ्या ग्रामपंचायतींना मिळावा, हा व्यवहार मला जास्त न्याय्य वाटतो. प्रत्येक फेरीत एक आसन किनाऱ्यावरच्या किंवा घाटमाथ्यावरच्या सरकारी शाळेतल्या मुलासाठी राखले पाहिजे, आणि ही परवान्याची अट असावी, कंपनीची दया नव्हे. चंदगडच्या मुलीने आपल्या गावाच्या खालचा समुद्र आणि वरचा सडा एकदा एकत्र पाहिला, तर पुढे ग्रामसभेत बोलताना तिला नकाशा डोळ्यांसमोर आणता येईल.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हलका नाही. नाझ्कावर २०१० या एका वर्षात दोन पर्यटक विमाने पडली आणि तेरा माणसे गेली. पुढे नियम कडक झाले, तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये उड्डाणानंतर लगेच एक सेसना कोसळून त्यातले सातही जण मरण पावले. जुनी विमाने, दिवसाला जमतील तितक्या फेऱ्या, आणि खिडकीतून दोन्ही बाजूंना दिसावे म्हणून घेतलेली तीव्र वळणे, या तिन्ही गोष्टी अशा धंद्यात जोखीम वाढवतात. आपल्याकडे परवाना देताना दोन वैमानिक, एक ठरलेला मार्ग, एक ठरलेली उंची, दिवसाला ठरलेल्या फेऱ्या आणि पावसाळ्यात पूर्ण बंद, एवढे लिखित असले पाहिजे. शिवाय दक्षिणेला गोव्याचे हवाई क्षेत्र आहे, तिथे नौदलाचा तळ आहे. मनाला येईल तसे उडता येणारच नाही, आणि ही चांगली गोष्ट आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. अशा सेवा आपल्याकडे टिकत नाहीत, असे म्हणणाऱ्याजवळ दाखला आहे. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमती ते केवडिया अशी जलविमानाची सेवा पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली, महिनाभरात विमान देखभालीसाठी मालदीवला पाठवावे लागले, आणि पुढच्या वर्षी सेवा बंद पडली. मुंबईतही जलविमानाच्या चाचण्या आणि फेऱ्या झाल्या, त्या रुजल्या नाहीत. पण या अपयशातून निघणारा धडा आपल्या बाजूचा आहे. जलविमानाला धक्का, तराफा, खाऱ्या पाण्यात सतत गंजणाऱ्या भागांची देखभाल, हे सगळे नव्याने उभारावे लागते. चिपीत पक्की धावपट्टी आधीच आहे. पंख छताच्या वर असलेले साधे चाकांचे विमान पुरते. त्यात खिडकीतून खाली पाहायला पंख आड येत नाही, म्हणूनच नामिबियात आणि नाझ्कात तीच विमाने वापरतात. तरीही तोटा झाला तर सरकारने तो भरून काढू नये. मौजेच्या उड्डाणाला अनुदान देण्याइतका पैसा आपल्याकडे नाही, एसटीला द्यायला तो हवा आहे.

पक्ष्यांविषयीची चिंता मी पूर्णपणे मान्य करतो. वेंगुर्ल्याजवळच्या खडकांवर समुद्री पक्षी घरटी करतात, तिथल्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर समुद्रगरुडांची घरटी असतात, वर्षानुवर्षे तीच. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. या सर्वांपासून मार्ग दूर ठेवावा, घरट्यांच्या काळात काही टप्पे वगळावेत, आणि हेलिकॉप्टरला या फेरीत अजिबात परवानगी देऊ नये, कारण एका जागी घिरट्या घालण्याचा मोह त्यातच असतो. हे आखून द्यायला पक्षी अभ्यासक आणि मच्छीमार सोसायट्या दोघांना बसवले पाहिजे. घरटी कुठे आहेत हे मच्छीमारांना आधी माहीत असते.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र जमीनमालकांचा आहे. सड्याचा मोठा भाग खासगी आहे, सामाईक खातेदारांचा, निम्मे वारस मुंबईत. संरक्षणाचे नाव काढले की त्यांना बंधने दिसतात, आणि त्यांची भीती अनाठायी नाही. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये, आणि पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा २०२४ पर्यंत सहा वेळा प्रसिद्ध होऊनही अंतिम झाला नाही. या सगळ्या काळात आजऱ्या-चंदगडच्या आणि सिंधुदुर्गच्या गावांना बंधनांची यादी ऐकू आली, मोबदल्याविषयी कोणी बोलले नाही. गाडगीळांचा भर ग्रामसभेने ठरवण्यावर होता, तो भाग चर्चेतून जवळजवळ गळून पडला. म्हणून सड्याची नवी नोंद वरून लादून चालणार नाही. ग्रामसभेने आपला सडा, त्यावरचे पाणी, चराई, शिल्पे आणि फुले यांची नोंद करावी, तिला महसूल खात्याने सात-बाऱ्यावर स्थान द्यावे, आणि राखलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात खातेदाराला दरवर्षी रक्कम मिळावी. विमानाच्या तिकिटातला वाटा त्या रकमेचा एक छोटा भाग होईल. बाकीचा सरकारने द्यावा, कारण पायथ्याची पाणीयोजना टँकरने चालवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

आणि नामिबियाची नक्कल करता येणार नाही, हेही उघड आहे. तिथे एका चौरस किलोमीटरमध्ये तीन-चार माणसे राहतात, सिंधुदुर्गात दीडशेहून जास्त. तिथला वाळूचा किनारा जवळजवळ निर्मनुष्य आहे. आपल्याकडे सड्यावर गुरे चरतात, कातळावर आंबोशी वाळते, होळीला शिमग्याची पालखी फिरते. हे चालू राहिले तरच सडा राहील. म्हणून विमानतळाभोवती हेलिपॅड, काचेचे सज्जे, सड्याच्या कडेला रिसॉर्ट अशी पुढची मागणी येईल तेव्हा परवान्यातच तिला नकार लिहिलेला हवा. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतरच्या अनुभवात सर्वांत जास्त टिकला तो घरगुती निवास, मच्छीमाराची होडी आणि खानावळ. छोट्या विमानाच्या प्रवाशाने रात्री तिथेच राहावे.

कामाची सुरुवात येत्या पावसाळ्यातच करता येईल. त्या चार महिन्यांत विमान उडणार नाही आणि सडा फुललेला असेल, म्हणजे नोंदणीला यापेक्षा योग्य वेळ नाही. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला सह्याद्रीतल्या पठारांच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे, आणि गडहिंग्लज, आजरा, चंदगडची महाविद्यालये त्याच विद्यापीठाची आहेत. विद्यार्थ्यांचे गट घाटाच्या दोन्ही अंगांच्या ग्रामपंचायतींबरोबर एकेक सडा वाटून घेऊ शकतात. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या दोन जिल्हा परिषदांनी त्यासाठी लागणारा प्रवासखर्च मंजूर करावा, आणि विमानाच्या परवान्याची फाइल ही नोंद हातात येईपर्यंत पुढे सरकवू नये.